पोलिसांचा ओव्हरटाईम: पैसे द्यावेत, की माणसं वाढवावीत?

प्राजक्ता_कराड

शिपायाला आठ तासांच्या वर राबवलं, तर वरच्या तासांचे पैसे त्याला मिळावेत, की सरकारने तेवढी माणसं भरावीत?

माझा धाकटा भाऊ मुंबईत एका पोलीस ठाण्यात शिपाई आहे. ड्युटी कागदावर बारा तासांची. त्यात लोकलचा प्रवास, हजेरीला आधी पोहोचणं, सुटायच्या वेळी साहेबांनी थांबवून घेणं, हे धरलेलं नाही. सणासुदीत साप्ताहिक सुट्टी बंद. त्या बंद सुट्टीचा भत्ता मिळतो, पण रोजच्या वरच्या तासांचं काय? कारखान्यातल्या कामगाराला जादा तासाला दुप्पट दर मिळतो. माझ्या भावाला त्या तासाची साधी नोंदही मिळत नाही.

आमच्या घरातच दोन मतं आहेत. वडील म्हणतात पैसे मागा, निदान घराचा हप्ता तरी निघेल. आई म्हणते पैसे नकोत, पोरगं झोपलेलं दिसू दे. इथे खात्यातली, लेखा विभागातली, परदेशातलीही मंडळी आहेत. तुमचं मत आणि त्यामागचं गणित दोन्ही सांगा.

मुळशीकर

माणसं वाढवा. पैशाने झोप विकत मिळत नाही. तुमच्या आईचं बरोबर आहे.

समीर_के

मी दुसरी बाजू मांडतो. खात्यात जाताना हे माहीत असतं. डॉक्टर, रेल्वेचे मोटरमन, सैनिक सगळेच वेळीअवेळी काम करतात. राज्याच्या तिजोरीतला मोठा वाटा आधीच पगार, पेन्शन आणि व्याजात जातो. त्यात पोलिसांना ओव्हरटाईम दिला की उद्या महसूल, आरोग्य, एसटी सगळे रांगेत उभे राहतील. पैसे येणार कुठून, ते आधी सांगा.

वर्दीघरची

समीरदादा, मोटरमनला ठरलेल्या तासांनंतर गाडीवर ठेवत नाहीत, कारण तो पेंगला तर माणसं मरतील. हातात बंदूक असलेल्या माणसाला तोच नियम नको का?

माझे मिस्टर हवालदार आहेत. आमची मुलगी चौथीत असताना वर्गात बाईंनी विचारलं, बाबा घरी कधी येतात? हिने सांगितलं, 'विसर्जनानंतर.' वर्ग हसला, बाईही हसल्या. ती मात्र खरंच सांगत होती, तिला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

आण्णा_सेवानिवृत्त

प्राजक्ताताई, मी याच खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. थोडं सविस्तर लिहितो.

मी भरती झालो तेव्हा ऑगस्ट १९८२ च्या उठावाला वर्षही झालं नव्हतं. नव्या पिढीला हे फारसं माहीत नाही. गिरणी संप चालू होता त्याच काळात मुंबईतले शिपाई रस्त्यावर उतरले होते. पगार, घरं, कामाचे तास, साहेबांच्या घरची कामं, हीच गाऱ्हाणी. १८ ऑगस्टला शहर पेटलं, सैन्य बोलवावं लागलं, संघटनेची मान्यता गेली, कितीतरी जणांच्या नोकऱ्या गेल्या. त्यानंतर तासांबद्दल बोलणं म्हणजे शिस्तभंग, हे आमच्या अंगात मुरलं. हजेरी मास्तरने ड्युटी सांगितली की 'जी साहेब'.

म्हणून २०१६ मोठं वाटतं. दत्ता पडसलगीकर साहेब आयुक्त होते. देवनार ठाण्यातले शिपाई रवींद्र पाटील यांनी आहे त्याच माणसांत आठ तासांच्या पाळ्या कशा बसतील याचा आराखडा करून थेट आयुक्तांपुढे मांडला. साहेबांनी तो ऐकला आणि मे २०१६ मध्ये देवनारलाच प्रयोग सुरू केला. पुढे टप्प्याटप्प्याने तो मुंबईतल्या इतर ठाण्यांत नेला. शिपायाचं म्हणणं आयुक्ताने ऐकून घेतलं, हे मी माझ्या नोकरीत पहिल्यांदा पाहिलं.

आमच्या ठाण्यात तो लागू झाला तेव्हा जवळून पाहिला. आकडा तोच, माणसं तीच. मग जमलं कसं? आमच्याकडे कार्यालयात बसलेली, कुठल्यातरी पथकाला जोडलेली, कुणाच्या तरी तोंडी हुकमावर बाहेर असलेली माणसं परत बोलावून पाळीला लावली. काही महिने खरंच बरे गेले. लोक पोरांना शाळेत सोडायला जायला लागले. पण बंदोबस्त लागला की पाळ्या मोडायच्या. गणपती, ६ डिसेंबर, ३१ डिसेंबर, मोर्चा, सभा, परत बारा तास. आणि मग करोना आला.

मुळशीकर

आण्णा, करोनात तुम्ही ड्युटीवर होतात?

आण्णा_सेवानिवृत्त

नाही. ५५ च्या वरच्यांना घरी थांबायला सांगितलं होतं. आमचं काम तरुण पोरांवर पडलं. त्यातले काही गेले. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

कोषागार_नाशिक

मी पोलीस खात्यात नाही, पण शासनाच्या लेखा सेवेत बरीच वर्षं आहे. समीरच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण 'पैसे कुठून' हा प्रश्न योग्यच आहे.

आधी एका जागेला किती माणसं लागतात ते बघा. समजा ठाण्यात एक अशी जागा आहे जिथे चोवीस तास, वर्षभर एक माणूस हवाच. ठाणे अंमलदार धरा. आठ तासांच्या पाळीने वर्षाच्या १०९५ पाळ्या झाल्या. आता एक माणूस वर्षात किती पाळ्या देतो? ३६५ मधून ५२ साप्ताहिक सुट्ट्या वजा. २० किरकोळ रजा वजा (२०२२ मध्ये १२ वरून २० केल्या). ३० अर्जित रजा वजा. आजारपण आणि प्रशिक्षण मिळून दहा दिवस धरू. राहिले २५३. १०९५ ला २५३ ने भागा, उत्तर ४.३ येतं. म्हणजे एका जागेला तीन नव्हे, चारच्या वर माणसं लागतात. बारा तासांच्या पाळीत तेच काम २.९ माणसांत होतं. आणि सुट्टी-रजा काहीच दिली नाही तर दोघांत.

हा चार आणि दोनमधला फरक आपले पोलीस स्वतःच्या अंगावर काढतात. आकृतीबंध, म्हणजे ठाण्याला किती पदं मंजूर करायची, हे ठरवताना ठाण्याची लोकसंख्या, गुन्ह्यांची संख्या बघतात. रजेचा हा गुणक त्यात प्रामाणिकपणे धरला तर आकडे एकदम फुगतात आणि वित्त विभागाकडून फाईल परत येते. शिवाय मंजूर पदंही भरलेली नसतात. भरलं नाही ते पद म्हणजे वाचलेला पगार. वर्षअखेरीला ती बचत दिसते. त्या बचतीसाठी कुणी किती तास जास्त उभं राहिलं, हे कुठल्याच तक्त्यात येत नाही.

अर्थसंकल्पात पोलिसांचं प्रधान शीर्ष २०५५. त्याखाली उद्दिष्टनिहाय ०१ वेतन येतं आणि शासनाच्या यादीत ०३ अतिकालिक भत्ता हेही शीर्ष आहे. सरकारी वाहनचालकांना तो मिळतो. म्हणजे जादा तासाला पैसे देण्याची सोय शासनाकडे नाही असं नाही. शिपायासाठी ती वापरलेली नाही, एवढंच. पगार निघतो 'सेवार्थ' या पगाराच्या संगणकप्रणालीतून. त्यात हजेरीचे दिवस असतात, तास नसतात.

समीर, खर्च आजही होतोच आहे. तो तिजोरीतून न जाता प्राजक्ताच्या घरातून जातो.

समीर_के

गणित पटलं. मग थेट विचारतो, स्वस्त काय? ओव्हरटाईम की भरती?

कोषागार_नाशिक

ते दरावर ठरतं, आणि सगळी गोम तिथेच आहे.

शिपायाची वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१००. भत्ते धरून सोयीसाठी महिना ४०,००० मानू. ३० दिवस गुणिले ८ तास, म्हणजे तासाला साधारण १६७ रुपये. रोज चार तास जास्त, महिन्याचे २६ दिवस, झाले १०४ तास. अशा दोन शिपायांचे जादा तास एकत्र केले की २०८. हे बरोबर एका नव्या माणसाचं महिन्याचं काम.

आता या २०८ तासांना साध्या दराने पैसे दिले तर सुमारे ३४,७०० रुपये. दीडपटीने ५२,०००. दुपटीने ६९,३००. नवा माणूस घेतला तर पगार ४०,०००, वर सरकारचा पेन्शनमधला हिस्सा, प्रशिक्षण, गणवेश, घर. धरा पन्नास हजाराच्या आसपास.

म्हणजे साध्या दराने ओव्हरटाईम दिला तर सरकारला भरती न करणंच परवडेल आणि बारा तास कायमचे होतील. दुप्पट दर ठेवला तर भरती स्वस्त पडते. माझ्या मते दुप्पट दर शिपायाचा खिसा भरण्यासाठी नसावाच. त्याला जास्त वेळ ठेवणं महाग पडावं यासाठी असावा. आज तो तास फुकट आहे, म्हणून कुणीही कितीही मागतो.

बोस्टनकर

कोषागार, तुमचं शेवटचं वाक्य अमेरिकेला अर्धंच लागू पडतं, म्हणून लिहितो. मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो, गावच्या अर्थसंकल्पाच्या सभांना नेमाने जातो.

इथे पोलिसांना ओव्हरटाईम कायद्याने आहे, दीडपट. त्यांच्यासाठी वेगळी मोजणी चालते. नगरपालिका २८ दिवसांचा कालखंड धरू शकते आणि त्यात १७१ तासांच्या वर गेलं की दीडपट लागू होतं. रोख नको असेल तर त्याच पटीत सुट्टी साठवता येते, कमाल ४८० तासांपर्यंत. कागदावर सुंदर व्यवस्था.

पण नव्या माणसाचा आरोग्य विमा आणि पेन्शन इतकी महाग आहेत की दीडपट देऊनही आहे त्याच माणसाला थांबवणं अनेक गावांना स्वस्त वाटतं. मग दर पाळीला किमान अमुक माणसं हवीतच असा करार असतो, कुणी रजेवर गेलं की त्याची जागा ओव्हरटाईमने भरतात, आणि वर्षाच्या मध्यातच तरतूद संपते. मोठ्या शहरांत तर हे दरवर्षीचं आहे. न्यूयॉर्कमध्ये तरतुदीपेक्षा खर्च कितीतरी पुढे जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढीच कमी तरतूद करतात. काही ठिकाणी शेवटच्या वर्षांची कमाई धरून पेन्शन ठरते. त्यामुळे निवृत्तीच्या तोंडावरचे लोक ओव्हरटाईमला सर्वात पुढे असतात, म्हणजे सर्वात वयस्क माणूस सर्वात जास्त तास उभा.

आमच्याच राज्यात २०१८ मध्ये महामार्ग पोलिसांची 'ट्रूप ई' ही तुकडी बरखास्त करावी लागली. न केलेल्या पाळ्यांचे पैसे घेतल्याचं उघड झालं, खटले झाले, शिक्षा झाल्या.

तरी मी म्हणेन, हे उघड झालं कारण तास लिहिलेले होते. गाडीच्या रेडिओची नोंद आणि ओव्हरटाईमचा दावा शेजारी ठेवून बघता आला.

वर्दीघरची

बोस्टनकर, म्हणजे पैसे दिले तरी माणूस घरी येणार नाही, असंच ना?

बोस्टनकर

दर आणि मर्यादा दोन्ही नसतील तर नाही येणार, ताई. बऱ्याच ठिकाणी आता सलग किती तास काम करायचं यावर सोळा तासांसारखी कमाल घातली आहे. नुसत्या पैशाने ते होत नाही.

मँचेस्टरहून_माधवी

इंग्लंडमधली एक गोष्ट सांगते, कारण ती मला फार शहाणपणाची वाटते. इथे कॉन्स्टेबल आणि सार्जंटला ऐनवेळी थांबवलं तर सव्वाच्या थोडा वर, म्हणजे एक पूर्णांक एक तृतीयांश दर. सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर किती आधी सांगितलं त्यावर पैसे ठरतात. पंधरा दिवसांपेक्षा कमी मुदतीत सांगितलं तर दीडपट. आधी नियोजन करून सांगितलं तर पैसे न देता दुसरा सुट्टीचा दिवस देतात.

म्हणजे दंड पडतो तो नियोजन न करणाऱ्यावर. गणपती कधी आहेत हे वर्षभर आधी पंचांगात असतं. मग सुट्टी बंद झाल्याचा आदेश दोन दिवस आधी का निघावा?

इन्स्पेक्टर आणि वरच्यांना इथे ओव्हरटाईम नाही. त्यांनी तो १९९४ च्या सुमारास पगारवाढीच्या बदल्यात सोडला आणि त्यांचे तास आता कुणी विचारत नाही, अशी तक्रार आहे.

आण्णा_सेवानिवृत्त

माधवीताईंचा मुद्दा सोन्यासारखा आहे. आमच्याकडे निम्मा त्रास तासांचा आणि निम्मा न सांगण्याचा. उद्याची ड्युटी आज रात्री उशिरा कळते. लग्नाला जायचं कबूल करायची सोय नाही. बारा तास का होईना, पण आठवडाभर आधी कळू दे, एवढ्याने अर्धी भांडणं मिटतील.

भरती_पूर्वतयारी

मी २०२४ च्या भरतीत मैदानी चाचणी दिली. १७,४७१ जागा आणि अर्ज सतरा लाखांच्या वर. पावसात मैदान रद्द व्हायचं, आम्ही पुलाखाली झोपायचो. माझं थोडक्यात गेलं, आता पुढच्या भरतीची तयारी चालू आहे. बारा तास, चौदा तास, काहीही असू दे, आम्हाला घ्या. माणसं कमी आहेत म्हणता आणि आम्ही बाहेर लाखांनी उभे आहोत.

प्राजक्ता_कराड

@भरती_पूर्वतयारी, तुला मनापासून शुभेच्छा. माझा भाऊही असाच मैदानावर झोपला होता. पण 'काहीही असू दे' म्हणू नकोस रे. तोही तेव्हा हेच म्हणायचा.

कोषागार_नाशिक

या मुलाच्या प्रतिसादात एक महत्त्वाची गोष्ट आहे. जाहिरात, अर्ज, मैदान, लेखी, वैद्यकीय, मग प्रशिक्षण. पद मंजूर झाल्यापासून माणूस ठाण्यात हजर होईपर्यंत दीड-दोन वर्षं सहज जातात. त्यात तेवढेच लोक निवृत्त होतात. म्हणून एकदम मोठी भरती आणि मग चार वर्षं शांतता, हे चक्र मोडायला हवं. दरवर्षी निवृत्तीच्या आकड्याइतकी भरती ठरलेल्या महिन्यात सुरू झाली पाहिजे.

२०२३ मध्ये मुंबईत जागा इतक्या रिकाम्या होत्या की राज्य सुरक्षा महामंडळाची ३,००० माणसं अकरा महिन्यांपर्यंत घ्यायला मंजुरी द्यावी लागली. त्यावर बरंच राजकारण झालं. मला त्यात दिसलं ते एवढंच की वेळेवर न केलेली भरती शेवटी दुसऱ्या शीर्षाखाली पैसे मागतेच.

वानखेडे_पूर्वस्टँड

कुणीतरी मागणीच्या बाजूबद्दलही बोला. माणसं कमी आहेत तशी कामंही जास्त लावली आहेत. मी क्रिकेटचा वेडा, स्टेडियमात बसून सामने बघितलेत, म्हणूनच लिहितो. सामन्याला शेकडो पोलीस लागतात. त्याचे पैसे आयोजकांनी द्यायचे असतात. २०२३ मध्ये शासनाने मुंबईतल्या टी-ट्वेंटी सामन्याचा बंदोबस्त आकार ७० लाखांवरून १० लाखांवर आणला आणि तोही २०११ पासून लागू धरून. प्रकरण जनहित याचिकेने उच्च न्यायालयात गेलं. एवढा पैसा असलेल्या खेळाला सवलत आणि गेटवर उभ्या असलेल्या शिपायाला जेवणाच्या पाकिटाची वाट बघायला लावायचं, हे मला चाहता म्हणूनही पटत नाही.

वकील_संभाजीनगर

त्याला कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ४७ नुसार एखाद्याने अर्ज केला तर त्याच्या खर्चाने जादा पोलीस देता येतात. पण आयोजक जे पैसे भरतो ते शासनाकडे जमा होतात, उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात पडत नाहीत.

आणि त्याच अधिनियमाचं कलम २८ सांगतं की पोलीस अधिकारी नेहमीच कर्तव्यावर आहे असं समजलं जाईल. तासांचा प्रश्न न्यायालयात नेला की हे कलम समोर येतं. माझं मत असं की 'नेहमी कर्तव्यावर' याचा अर्थ संकट आलं तर सुट्टीतही धावून जाणं, एवढाच घ्यायला हवा. रोजचा तक्ता बारा तासांचा आखायला ते कलम लिहिलेलं नाही. संघटना बांधून मागणी करण्यावर १९६६ च्या केंद्रीय कायद्याने बंधनं आहेत, त्यामुळे हे बोलायची जबाबदारी बाहेरच्यांवर, म्हणजे तुमच्या-माझ्यावर येते.

बोस्टनकर

वकीलसाहेब, इथे नेमकं उलटं आहे. रस्ता खणायचा असेल तर ठेकेदाराने पोलीस लावायचा आणि त्याचे पैसे द्यायचे. ते पैसे गावामार्फत, पण त्याच पोलिसाला मिळतात. त्यामुळे गावाच्या ओव्हरटाईमच्या तरतुदीला धक्का लागत नाही. तोटा एवढाच की दिवसभर खड्ड्यापाशी उभा राहिलेला माणूस रात्री गस्तीला येतो.

पणजीकर

गोव्यातून दोन ओळी. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे सगळं एकदम. पर्यटक, नाताळ, नवं वर्ष, संगीत महोत्सव. २०२४ च्या नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाचा सोहळाही त्यातच होता. शेजारी राहणारा हवालदार त्या काळात क्वचितच दिसायचा. छोट्या राज्यात राखीव माणूसबळ फार नसतं. तीच माणसं किनाऱ्यावर, तीच चर्चपाशी.

समीर_के

पणजीकर आणि आण्णा, दोघांच्या प्रतिसादातून एक दिसतं. दोन वेगळे प्रश्न आहेत. रोजची कमतरता एक आणि सणाचा ताण दुसरा. सणासाठी कायमची माणसं भरली तर जूनमध्ये ती करणार काय?

आण्णा_सेवानिवृत्त

जूनमध्ये रिकामं कुणी बसत नाही, समीर. आषाढी वारी असते.

पण तुझा मुद्दा खरा. सणासाठी होमगार्ड आहेत, राज्य राखीव दल आहे. होमगार्डचा कर्तव्य भत्ता २०२४ मध्ये ५७० वरून १,०८३ रुपये केला, चांगली गोष्ट झाली. आधी पोरं यायलाच तयार नसायची. होमगार्डला गर्दीत दोरीवर उभं करता येतं. पण पंचनामा, जबाब, आरोपीची ने-आण, समन्स, मुद्देमाल हे शिपायालाच करावं लागतं. आणि दिवसभर बंदोबस्त करून आलेल्या तपासाच्या माणसाचे गुन्ह्याचे कागद तसेच पडून राहतात. फिर्यादी म्हणतो पोलीस काम करत नाहीत. तपासाची माणसं वेगळी आणि बंदोबस्ताची वेगळी असावीत, हे न्यायालयानेही सांगितलं आहे. माणसंच नसतील तर वेगळी करणार कुठून?

कोषागार_नाशिक

समीर, तुझ्या शेवटच्या प्रतिसादातच मूळ प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. रोजच्या कामासाठी भरती, वर काढलेल्या ४.३ च्या हिशोबाने. सणाच्या आणि अचानकच्या कामासाठी ओव्हरटाईम, दुप्पट दराने आणि ठरलेल्या मर्यादेत. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक आयुक्तालयाला ओव्हरटाईमच्या तासांचा कोटा द्यावा, रुपयांचा नव्हे. सभा, दौरे, सामने, मिरवणुका सगळे त्याच कोट्यातून. कुणी वीस पोलीस मागितले की कोट्यातून तेवढे तास वजा. मग आयुक्त मंत्र्याच्या स्वीय सहायकालाही आकडा दाखवून नाही म्हणू शकेल. आज त्याच्याकडे नाही म्हणायला कागदच नाही.

वर्दीघरची

आणि बायकांचं? २०२१ मध्ये महिला पोलिसांना आठ तासांची ड्युटी नागपूरपासून सुरू केली, नंतर इतर घटकांतही आदेश गेले. माझी जाऊबाई पोलीस आहे, तिला सुरुवातीला फार बरं वाटलं. मग तिच्याच ठाण्यातले पुरुष सहकारी कुरकुरायला लागले, कारण तिचे उरलेले चार तास त्यांच्यावर आले. माणसं न वाढवता सवलत दिली की ती शेजारच्याच्या पाठीवर जाते. तिला त्याचं इतकं वाईट वाटायचं की ती स्वतःहून थांबायला लागली.

प्राजक्ता_कराड

हे वाचून अंगावर आलं. आमच्या घरच्या दोन्ही मतांना इथे आधार मिळाला आणि दोन्ही एकटी पुरी पडत नाहीत हेही कळलं. मी मागे वाचलं होतं, पोलीस संशोधन व विकास ब्यूरोने २०१४ मध्ये देशभरच्या ठाण्यांचा अभ्यास केला. नव्वद टक्क्यांच्या आसपास कर्मचारी आठ तासांपेक्षा जास्त काम करतात आणि जवळपास तीन चतुर्थांश लोकांना महिन्यात एकही साप्ताहिक सुट्टी धड मिळत नाही, असं त्यात निघालं. २०१९ च्या 'स्टेटस ऑफ पोलिसिंग' अहवालात सरासरी रोज चौदा तास आले. म्हणजे देशाचा आकडा आहे. पण माझ्या भावाच्या ठाण्याचा आकडा कुणाकडेच नाही. तो मोजायचा कसा?

आण्णा_सेवानिवृत्त

ठाणे दैनंदिनीत आहे, ताई. कोण कुठल्या कामाला किती वाजता रवाना झाला आणि किती वाजता परतला, हे ठाणे अंमलदार लिहितो. हजेरीची वही वेगळी. दोन्ही समोर ठेवून कुणी महिन्याच्या शेवटी बेरीज मारली तर प्रत्येकाचे तास निघतात. चाळीस वर्षांत ती बेरीज मारायला कुणी सांगितलं नाही. हल्ली बरंच संगणकावर आहे, तर बेरीज आणखी सोपी.

वकील_संभाजीनगर

माहिती अधिकारात नावं आणि तपासाचा मजकूर वगळून, एका महिन्याचे पाळीनिहाय उपस्थितीचे तास आणि बंद केलेल्या साप्ताहिक सुट्ट्यांची संख्या मागता येईल. अर्ज भावाने करू नये, बाहेरच्या नागरिकाने करावा. एका ठाण्याचा न मागता पूर्ण परिमंडळाचा मागावा, म्हणजे कुणा एकावर नजर जाणार नाही. मसुदा मी करून देतो.

समीर_के

अर्ज माझ्या नावाने टाका. मी करदाता म्हणून विचारतो आहे, माझे पैसे वाचवायला कुणाचे किती तास जातात ते मला कळू दे. फी मी भरतो.

कोषागार_नाशिक

वकीलसाहेब, मसुद्यात आयोजकांकडून त्या महिन्यात जमा झालेला बंदोबस्त आकार आणि थकीत रक्कमही घ्या. तास आणि पैसे एकाच महिन्याचे हवेत, नाहीतर जुळणार नाहीत. सप्टेंबर नको, सणाचा महिना म्हणून बाजूला काढतील. फेब्रुवारी घ्या.

वकील_संभाजीनगर

फेब्रुवारी घेतो. समीर, व्यक्तिगत संदेशात पत्ता पाठवा. रविवारपर्यंत मसुदा इथेच टाकतो, सगळ्यांनी वाचून दुरुस्त्या सांगा.